बिनजोड नळी आणि सांध्याची नळी

शिरूर तालुक्यातील निमोणे येथे एका शेतात पंपाच्या दाबाने फुटलेला पीव्हीसी पाइप आम्ही पाहिला. तो आडवा तुटला नव्हता. वाळलेली भेंडी उलावी तसा लांबीत चिरला होता. असे का व्हावे?

वाफेचा एक पाइप घेऊ. आतला दाब दर चौरस सेंटिमीटरला ४० किलो, व्यास २० सेंमी, भिंतीची जाडी ०.८ सेंमी. पाइप लांबीत उभा चिरला अशी कल्पना करा. दर सेंटिमीटर लांबीवर ४० × २० म्हणजे ८०० किलो बल, आणि ते पेलायला दोन्ही भिंती मिळून १.६ चौ. सेंमी पोलाद. ताण ५०० आला. आता पाइप आडवा कापला असे समजून हाच हिशोब करा. उत्तर जवळपास २५० येते, म्हणजे निम्मेच. (विद्यार्थ्यांकडून हे जरूर करवून घ्यावे.) पत्रा वळवून केलेल्या पाइपाचा सांधा लांबीतच असतो. म्हणजे ताण सर्वांत जास्त जिथे, नेमका तिथेच!

कॉर्नेलियस व्हाइटहाउस या इंग्रज कारागिराने १८२५ मध्ये लोखंडाची तापलेली पट्टी साच्यातून ओढून तिच्या कडा एकमेकींना चिकटवण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. गॅसच्या दिव्यांना एवढे पुरे होते. बाष्पित्रांचे दाब वाढले तसा हा सांधा धोक्याचा ठरू लागला.

उत्तर जर्मनीतील रेमशाइडच्या कानशी बनवणाऱ्या कारखान्यातून आले. राइनहार्ड आणि माक्स मानेसमान या बंधूंनी १८८५ मध्ये तिरक्या रुळांचे पेटंट घेतले. तापलेली भरीव सळई तिरक्या रुळांत दाबत फिरवली की तिचा गाभा आपोआप ढिला पडतो. तिथे टोकदार दांडा धरला की सळईची नळी होते. पण ही नळी जाड असे. ती लांब-पातळ करायला त्यांनी ‘पिल्गर’ पद्धत काढली. पिल्गर म्हणजे यात्रेकरू. नळी पुढे जाते, थोडी मागे येते, पुन्हा पुढे. दौंड तालुक्यातून जाणाऱ्या तुकोबांच्या पालखीत पावल्या खेळणारे वारकरी ज्यांनी पाहिले, त्यांना हे नाव समजावून सांगावे लागणार नाही.

आज निमोण्याच्या उत्तरेला अहिल्यानगरला आणि दक्षिणेला बारामतीला सीमलेस नळ्यांचे कारखाने आहेत. पैकी अहिल्यानगरचा कारखाना १९७७ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन सीमलेस मेटल ट्यूब्स या कंपनीने उभारला.

मराठीत ‘बिनजोड’ म्हणजे ज्याला तोड नाही असा. या श्लेषाला मात्र भुलू नये. सळईच्या ऐन मध्यातून छिद्र जाईलच असे नाही, म्हणून सीमलेसची भिंत एका बाजूला जाड, दुसरीला पातळ निघू शकते. ए-१०६ या अमेरिकी मानकात जाडी साडेबारा टक्के कमी भरलेली चालते; ८ मिलिमीटर मागवलेला पाइप एखाद्या जागी ७ भरला तरी तक्रार करता येत नाही. पट्टी वळवून केलेल्या पाइपाची जाडी अधिक एकसारखी असते. तो बहुधा स्वस्तही पडतो. खूप मोठ्या व्यासाला तर वेल्डेडशिवाय इलाज नसतो.

सांध्यावर किती भरवसा ठेवायचा, हे कारखान्यांतील पाइपांसाठीच्या बी ३१.३ या अमेरिकी संहितेत आकड्यांनीच सांगितले आहे. सीमलेसला १, विजेच्या रोधाने तापवून जोडलेल्या ईआरडब्ल्यूला ०.८५, भट्टीत कडा चिकटवलेल्याला ०.६०. म्हणजे ईआरडब्ल्यू वापरायचा तर भिंत सुमारे १८ टक्के जाड हवी. गंमत अशी, की पट्टी वितळवून जोडलेल्या आणि संपूर्ण सांध्याचे क्ष-किरण चित्र घेतलेल्या पाइपालाही १ मिळतो. व्हाइटहाउसच्या सांध्यावर असा डोळा ठेवण्याची सोय नव्हती. आमच्या मते सीमलेसचा मान बराचसा त्या काळातला आहे.

तरीही साखर कारखान्यात बाष्पित्रापासून टर्बाइनपर्यंतची उच्च दाबाची वाफवाहिनी आम्ही सीमलेसचीच घेऊ. तिथे दाबाच्या जोडीला तापमान असते, आणि पाइपाजवळून माणसे ये-जा करतात. थंड पाण्याच्या वाहिनीवर तेवढाच खर्च करणे हा निव्वळ अपव्यय होय.

शाळेच्या आवारात जीआय पाइपाचा तुकडा पडला असेल तर त्याच्या आत बोट फिरवून पाहा. बहुतेक वेळा लांबीत गेलेला एक बारीक कंगोरा बोटाला लागतो.