बस पायरेट : चिपशी थेट बोलणारी पट्टी

समजा, तुम्ही नवा सेन्सर जोडलात आणि तो गप्प बसला. चूक तारेत, चिपमध्ये की तुमच्याच प्रोग्रॅममध्ये? फिलिप्सने १९८२ मध्ये आयटूसी बस आणली आणि दोन तारांवर अनेक चिप बोलू लागल्या. ते बोलणे ऐकणारा लॉजिक अ‍ॅनालायझर मात्र विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारा नव्हता. मग मायक्रोकंट्रोलरवर चाचणीचा प्रोग्रॅम लिहायचा, म्हणजे संशयितांत आणखी एकाची भर!

२००८ मध्ये इयान लेसनेट यांनी बस पायरेटचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. संगणकाच्या टर्मिनलवर चौकोनी कंस उघडा, चिपचा पत्ता टाका, कंस मिटा. उत्तर लगेच समोर. एक ओळही प्रोग्रॅम नाही. तिसऱ्या आवृत्तीत पिक२४ मायक्रोकंट्रोलर होता, किंमत साधारण ३० डॉलर. सुरू होताना सर्व पिना ‘हाय-झेड’ अवस्थेत असतात, त्यामुळे समोरच्या सर्किटला धोका नाही. नवशिक्यांचा विचार इथे दिसतो. वेग बेताचाच होता. पण आराखडा खुला असल्याने इतरांनीही फर्मवेअर सुधारले. पाचव्या आवृत्तीत आरपी२०४० चिप आली.

तुम्ही वापराल तेव्हा एक पाहा : आयटूसीला पुल-अप रोध लागतात. सर्किटवर ते नसतील आणि पायरेटवरचे चालू करायला विसरलात, तर चिप धडधाकट असूनही उत्तर येणार नाही.