आत्याचे तीन एकर

आजोबा १९९८ मध्ये गेले. तेराव्यानंतर वडिलांनी आत्यापुढे हक्कसोडपत्र ठेवले. तिने सही केली नाही. २००३ मध्ये तिने दोन्ही भावांवर वाटपाचा दावा लावला, तेव्हा गावाने एकच विचारले, ‘‘बाई, माहेर हवं की जमीन?’’ त्या वर्षापासून तिची राखी यायची बंद झाली.

वडिलार्जित जमीन नऊ एकर. वारस दोन भाऊ नि एक बहीण. आजी आधीच गेलेली. तालुक्याच्या दिवाणी कोर्टात वडिलांबरोबर तारखांना जाताना मला कळले, की आमच्या भांडणाचे मूळ नऊशे वर्षे जुने आहे. चालुक्यांच्या कल्याणीत विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. वडिलार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच, हे तिचे सूत्र. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या हिश्शात वाटा दिला. जन्मसिद्ध हक्क मात्र मुलांकडेच राहिला. महाराष्ट्राने तो १९९४ मध्ये मुलींना दिला, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्यांना वगळले. आत्याचे लग्न १९८१ चे!

केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने ही अट काढली. पण त्या वर्षी ९ सप्टेंबरला वडील हयात असले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटले. आमचा निकाल पुढच्या वर्षी त्याच हिशोबाने लागला. आजोबा आणि दोन मुलगे यांना तीन-तीन एकर. आजोबांच्या तिनाचे पुन्हा तीन वाटे. आत्याला एक एकर, भावांना चार-चार. आत्याने अपील केले.

११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले, की मुलीचा हक्क जन्माने येतो. वडील तेव्हा हयात असण्याची गरज नाही. प्रलंबित दाव्यांनाही हे लागू झाले. आता वाटे चार पडले आणि आजोबांचा चौथा वाटा तिघांत विभागला गेला. प्रत्येकाला तीन एकर!

मोजणीच्या दिवशी वडील बांधावर आले नाहीत. आत्याने माझ्या हातात राखी दिली. ‘‘दादाला दे. नाही घेतली तर परत आण.’’ वडिलांनी ती घेतली.

सतरा वर्षे मात्र परत आली नाहीत. म्हणून सांगावेसे वाटते, हक्कसोडपत्रावर सही मागण्याआधी बहिणीला तिचा हिस्सा किती, हे तरी सांगा.