आजोबांचा पाऊस, पणजोबांचा दुष्काळ

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत पावसाच्या दोन आठवणी चालत आल्या आहेत, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. एक म्हणते, आजोबांच्या वेळी पाऊस असा दगा देत नसे. दुसरी पणजोबांच्या पिढीची, छप्पनच्या दुष्काळाची. पहिली आपण म्हाताऱ्या माणसांचे गतकाळाचे कौतुक म्हणून सोडून देतो, दुसरी दंतकथेत जमा करतो. पावसाच्या नोंदी पाहिल्या तर दोन्ही खऱ्या ठरतात. त्या एकाच वेळी खऱ्या कशा, याचे उत्तर गुजरातेत किंवा देशावर नाही. ते समुद्रात आहे.

छप्पन म्हणजे विक्रम संवत १९५६. पाऊस फसला तो १८९९ च्या हंगामात. गुजराती पंचांगाप्रमाणे तेव्हा १९५५ चालू होते. पण लोकांनी नाव दिले ते उपासमारीच्या वर्षाचे. आधी गुरे गेली, मग माणसे, आणि पुढे पटकीने उरलेल्यांना गाठले. १८९१ च्या खानेसुमारीत बडोदे संस्थानची लोकसंख्या २४ लाखांवर होती. १९०१ मध्ये ती साडेएकोणीस लाख भरली. श्रीमंत सयाजीराव महाराज दुष्काळी महालांतून स्वतः फिरले. त्या दौऱ्याची त्यांची टिपणे १९०१ साली इंग्रजीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

वाईट याचे वाटते की त्या वर्षी सरकारी अंदाज चांगल्या पावसाचा होता. १८७७ च्या भीषण दुष्काळानंतर हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून मोसमी पावसाचा अंदाज बांधायला सुरुवात केली होती. हिमालयात बर्फ जास्त, तर पाऊस कमी, हे त्यांचे सूत्र. त्यांच्या जागी आलेल्या जॉन एलियट यांनी त्यात आणखी पुष्कळ गोष्टींची भर घातली. तरी १८९९ साली अंदाज साफ चुकला.

१९०४ मध्ये या खात्यावर गिल्बर्ट वॉकर आले. हे मूळचे केंब्रिजचे गणिती, हवामानशास्त्र शिकलेले नव्हते. त्यांनी जगभरच्या हवेच्या दाबाच्या, तापमानाच्या आणि पावसाच्या नोंदी गोळा केल्या आणि कशाचा कशाशी मेळ बसतो हे आकडेमोडीने तपासायचे ठरवले. त्या काळी यंत्रे कसली? बेरजा-गुणाकार हिंदी कारकुनांनी हाताने केले. त्यातून दिसले की पॅसिफिकवर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागरावर तो उतरतो, आणि उलटही होते. जणू दोन समुद्रांमध्ये सीसॉच टाकलेला आहे. याला त्यांनी दक्षिणी आंदोलन म्हटले. हा सीसॉ हलतो तो समुद्राच्या तापमानाबरोबर, हे मात्र १९६० च्या दशकात याकोब बियर्कनेस यांनी दाखवले. मध्य आणि पूर्व पॅसिफिक तापला, म्हणजे एल निनो आला, की हवा तिकडे वर चढते, ढग तिकडे जमतात आणि आपल्याकडे हवा खाली बसते. खाली बसणाऱ्या हवेत पाऊस धरत नाही. १८७७, १८९९, १९१८, १९७२ ही सगळी एल निनोची वर्षे.

पण एल निनो दर दोन ते सात वर्षांनी येतो. मग आजोबांना तो का जाणवला नाही?

देशभर पाऊस फार कमी झाला अशी वर्षे मांडून पाहा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत १९०१, १९०४, १९०५, १९११, १९१८, १९२०. त्यानंतर १९३१ ते १९६० या तीस वर्षांत दोनच, १९४१ आणि १९५१. मग पुन्हा रांग लागते: १९६५, १९६६, १९६८, १९७२, १९७४, १९७९, १९८२, १९८७. बहात्तरचा दुष्काळ बडोदेकरांनाही परका नाही, कारण देशावरच्या नातेवाइकांच्या घरची सुकडी, मिलो आणि खडी फोडण्याची कामे पत्रांतून आणि पाहुण्यांकडून इथवर पोहोचली होती.

या टप्प्यांमागे समुद्राची संथ चाल आहे. उत्तर अटलांटिक काही दशके उबदार, काही दशके गार राहतो. साधारण १९२५ ते १९६५ तो उबदार होता. त्याच्या उबेने आशिया खंडावरची वरची हवा तापते, जमीन आणि समुद्र यांतला फरक वाढतो आणि मोसमी पाऊस जास्त दिवस टिकतो. पॅसिफिकचीही अशीच वीस-तीस वर्षांची पाळी असते. ती उबदार असली की एल निनोचा फटका वाढतो. १९७६-७७ मध्ये ती तशी पालटली. त्यात वॉकर १९२४ साली निवृत्त झाले त्या सुमारास एल निनोच मंदावला आणि तो पुढची तीन-एक दशके तुलनेने शांत राहिला. ज्या सूत्रासाठी माणसाने वीस वर्षे घातली, ते हाती आल्यावर लंगडे पडले, हा दैवदुर्विलासच म्हणायचा.

आजोबांच्या आठवणीत तथ्य आहे ते असे. त्यांच्या उमेदीची वर्षे नेमकी या चांगल्या टप्प्यात पडली. मला काळजी वाटते ती याच टप्प्यावर बेतलेल्या हिशोबांची. धरण किती भरेल, कालव्याला किती पाणी सुटेल, कुठले पीक धरावे, हे ज्यांनी पन्नाशीच्या दशकात मागची तीस वर्षे पाहून ठरवले, त्यांनी सर्वांत उदार पावसाला सरासरी मानले. सयाजीरावांच्या आजवा सरोवराचे पाणी आपण अजून पितो. ते बांधणाऱ्या पिढीला निदान १८७७ डोळ्यांपुढे होते.

अटलांटिक १९९५ च्या सुमारास पुन्हा उबदार झाला. जुन्या हिशोबाने चांगले दिवस यायला हवे होते. उलट २००२, २००४, २००९, २०१४ आणि २०१५ साली पाऊस तुटला. दुसरीकडे १९९७ मध्ये एल निनो प्रचंड असूनही पाऊस सरासरीइतका झाला, कारण हिंदी महासागराचे पश्चिम अंग तेव्हा तापलेले होते. हा महासागर आता सर्वच बाजूंनी तापत चालला आहे, आणि ही गोष्ट पणजोबांच्या वेळी नव्हती. वॉकरांचे कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले. पुणेकर त्याला अजून सिमला ऑफिस म्हणतात. जुने आकडे आणि नवा समुद्र यांचा मेळ घालायचे काम पुण्यात आजही चालू आहे.