दिसलं नाही म्हणजे नव्हतं का? पॉला वेल्डन, १९४६

मंडळी, जंगलात माणूस हरवणं म्हणजे काय, हे ब्रह्मपुरीच्या श्रोत्यांना आम्ही सांगावं असं काही नाही. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्त्याला बाया पहाटे निघतात, त्या चारचौघींच्या सोबतीनं. एखादी परत आली नाही तर दुपारच्या आत गावाला कळतं आणि माणसं काठ्या घेऊन निघतात. वाघाची धास्ती असतेच. आज आपण बघणार आहोत ती गोष्ट मात्र अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याची आहे, आणि तिथे वाघ नाही. उत्तरही नाही.

१ डिसेंबर १९४६, रविवार. बेनिंग्टन कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी पॉला जीन वेल्डन, वय १८. कॉलेजच्या भोजनगृहात तिचं काम असे. ते संपवून ती खोलीवर आली, लाल जाकीट चढवलं आणि लांब फिरायला जाते असं मैत्रिणीला सांगून दुपारी अडीचच्या पुढे निघाली. बरोबर सामान नाही, कपडे थंडीच्या मानानं हलके. रस्त्यात एका गाडीवाल्यानं तिला वुडफर्डच्या बाजूला सोडलं. तिथून ती 'लाँग ट्रेल' या पायवाटेवर पोचली. ही साधी पाऊलवाट नव्हे. व्हरमाँटच्या डोंगररांगेवरून राज्याच्या दक्षिण टोकापासून कॅनडाच्या सीमेपर्यंत जाणारी सुमारे २७२ मैलांची वाट; ग्रीन माउंटन क्लबच्या लोकांनी आखून १९३० साली पुरी केलेली. उतरून येणाऱ्या काही जणांशी पॉला बोलली, ही वाट कुठवर जाते असं तिनं विचारलं. तेव्हा चारच्या सुमाराची वेळ होती, आणि तिथे डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य मावळतो. त्यानंतर तिचं काय झालं ते कळलेलं नाही.

मैत्रिणीला वाटलं, अभ्यास करत बसली असेल. कॉलेजच्या अधिकाऱ्यांना कळलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. एक अख्खी रात्र अशी गेली. वर्ग बंद ठेवून विद्यार्थी-प्राध्यापक रानात शिरले, गावकरी आले, पण शोधाची सूत्रं सांभाळणारा कोणी नव्हता. कारण व्हरमाँटला तेव्हा राज्य पोलीस दलच नव्हतं. काउंटीचा शेरीफ आणि सरकारी वकील, एवढ्यावर कारभार. मुलीचे वडील चिडले, आणि रास्त चिडले. शेवटी शेजारच्या कनेक्टिकट राज्यातून तपास अधिकारी बोलवावे लागले. ते येईतो बरेच दिवस गेले होते. यावर एवढी ओरड झाली की १९४७ साली व्हरमाँटनं स्वतःचं राज्य पोलीस दल उभं केलं. मुलगी सापडली नाही. एका राज्याला पोलीस मिळाले.

आता आपल्या विषयाकडे येऊ. सापडली नाही, एवढ्या एका गोष्टीवरून लोकांनी काय काय काढलं बघा. कोणी म्हणालं, प्रियकराबरोबर कॅनडात पळाली. कोणी म्हणालं, खून झाला. वाटेजवळ राहणाऱ्या एका माणसावर संशय घेतला गेला, त्याची जबानी बदलत होती, पण पुरावा काही निघाला नाही. सगळ्यांचा आधार एकच: जंगल पालथं घातलं, तिथे ती नाही.

आपल्याकडच्या मीमांसकांनी या 'नाही'चा फार बारकाईनं विचार केलाय. कुमारिल भट्टांच्या परंपरेत अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून जमिनीवर घडा नाही. पण अट आहे, आणि ती अटच महत्त्वाची. घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती पाहिजे. उजेड पाहिजे, डोळे धड पाहिजेत. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. मग डिसेंबरातलं डोंगराळ रान ही उजेडाची खोली की अंधाराची?

याचं उत्तर त्याच भागानं दिलंय. १९५० च्या ऑक्टोबरात सॉमरसेट जलाशयाजवळ ५३ वर्षांची एक बाई सोबत्यापासून वेगळी झाली आणि नाहीशी झाली. तिथे मोठा शोध झाला. बाई मिळाली नाही. पुढच्या मे महिन्यात तिचा देह मिळाला, शोध झाला होता त्याच परिसरात. म्हणजे शेकडो माणसांचं 'दिसलं नाही' हे 'नव्हतं' याचा पुरावा ठरलं नाही. पॉला त्या रानातच असावी, वाट चुकून थंडीनं गेली असावी, असं म्हणायला निदान अडथळा उरत नाही. आमचा कल तिकडे आहे; त्याला निकाल मात्र म्हणता येणार नाही.

१९४५ ते १९५० या काळात त्या परिसरात हरवलेल्या पाचेक माणसांभोवती पुढे, १९९० च्या दशकात, 'बेनिंग्टन त्रिकोण' नावाची रेघ ओढली गेली. आधी माणसं हरवली, त्रिकोण चाळीस वर्षांनी आला! कुठल्याही मोठ्या रानाच्या नकाशावर असे त्रिकोण काढता येतील, आपल्याही. हे फक्त अमेरिकनांचं खूळ नव्हे. पानिपतात १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले, पण मनाची खात्री पटेना, आणि त्या रिकाम्या जागेत तोतया येऊन बसला. किल्ले त्याच्या हाती गेले. १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली, तरी 'तेच खरे भाऊ' म्हणणारे उरलेच.

घरच्यांना मात्र कुठेतरी थांबावं लागतं. वारसाहक्क असतो, पेन्शन असते, कुंकवाचा प्रश्न असतो. १८७२ च्या आपल्या पुरावा कायद्याचं कलम १०८, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १११, सांगतं की सात वर्षं माणसाची काही खबर नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. पण खबर कोणाला नसेल? तो जिवंत असता तर ज्यांना साहजिकच कळलं असतं, त्यांना. कायदा लिहिणाऱ्या इंग्रजानं कुमारिल वाचले होते असं आम्ही म्हणत नाही. पण अट तीच आहे. आणि कलम एवढंच म्हणतं की मेला असं धरा. कधी, कुठे, कसा, याबद्दल ते काही बोलत नाही.