लहान ट्रॅक्टर मागे घेताना : पाठीमागचे दिसावे कसे?

भातशेतीचे तुकडे लहान, मेरा अरुंद आणि कुळागरात सुपारीच्या दोन ओळींतील अंतर साधारण पावणेतीन मीटर. अशा शेतीत १५ ते ३० अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर सोयीचा ठरतो. मात्र वळायला जागा जितकी अपुरी, तितके यंत्र वारंवार मागे घ्यावे लागते. त्या वेळी मागे असलेले मूल, अवजार जोडणारा मजूर किंवा बांधाची ढासळती कडा चालकाला दिसेलच, याची खात्री नसते. थोड्या खर्चात आणि काही सवयींनी हा धोका बराच कमी करता येतो.

दृष्टी अडते कुठे?

चालकाची बैठक दोन मोठ्या चाकांच्या मधोमध असते. दोन्ही बाजूंची जमीन मडगार्डआड जाते, तर उचललेला रोटाव्हेटर मधला भाग झाकतो. लहान ट्रॅक्टरची बैठक सखल असल्याने अवजारावरून पलीकडे पाहणेही कठीण होते. फळ्या लावलेली ट्रॉली जोडली की मागचे जवळजवळ काहीच दिसत नाही.

हा अदृश्य पट्टा आपल्या यंत्रापुरता मोजून ठेवावा. तीन-चार वर्षांच्या मुलाची उंची सुमारे १ मीटर असते. तेवढ्या उंचीची काठी ट्रॉलीच्या मागे उभी धरून, ट्रॅक्टर बंद असताना, मदतनिसाने हळूहळू दूर जावे. बैठकीवरून काठीचे टोक प्रथम दिसेल, तिथपर्यंतची सगळी जागा आंधळी समजावी.

आरसे

सपाट आरशात अंतराचा अंदाज बरोबर येतो, पण दिसणारा भाग थोडा असतो. बहिर्गोल आरसा विस्तृत भाग दाखवतो, मात्र त्यातील वस्तू आहे त्यापेक्षा लहान व दूर भासते. म्हणून प्रत्येक बाजूस दोन्ही प्रकार असणे उत्तम. आरशाचा दांडा ट्रॉलीच्या रुंदीबाहेर पोहोचेल इतका लांब हवा, कुळागरासाठी तो दुमडणारा असावा. इंजिनाच्या थरथरीने प्रतिमा हलत असल्यास रबरी वॉशर आणि दुसरा आधार द्यावा. चालकाच्या मागील संरक्षक कमानीला छिद्र पाडू नये, वेल्डिंगही करू नये, कारण त्यामुळे तिची ताकद कमी होते. आरसे क्लॅम्पनेच बसवावेत.

कॅमेरा

ट्रॉलीच्या थेट मागची जागा कोणत्याही आरशात येत नाही. तेथे १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा कॅमेरा उपयोगी पडतो. तो ट्रॅक्टरवर नव्हे, ट्रॉलीच्या शेपटाकडे लावावा आणि वायरीला सुटणारा जोड ठेवावा. ‘आयपी ६७’ दर्जाचा कॅमेरा धुळीपासून सुरक्षित असतो आणि १ मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. तरीही उच्च दाबाच्या पाण्याचा फवारा त्यावर थेट मारू नये. वायरीला फ्यूज हवा. ती पीटीओ शाफ्ट व सायलेन्सरपासून दूर न्यावी आणि हायड्रोलिकच्या हालचालीपुरती सैल ठेवावी.

पडद्यावर खोली कळत नाही. त्यासाठी ट्रॉलीमागे १, २ व ३ मीटरवर काठ्या रोवून त्या पडद्यावर कुठे दिसतात, हे एकदा पाहून ठेवावे. चित्रातील डावे-उजवे उलटे तर नाही ना, हेही मदतनिसाला हात वर करायला सांगून तपासावे.

साधनांइतकीच सवय महत्त्वाची

* यंत्र मागे घेण्यापूर्वी खाली उतरून एक फेरी मारावी.
* रोटाव्हेटर उचलावा आणि पीटीओ बंद करावा.
* मदतनिसाने ट्रॅक्टर आणि अवजार यांच्यामध्ये कधीही उभे राहू नये. त्याने मार्गापासून बाजूला, चालकाला आरशात दिसेल असे थांबावे. तो दिसेनासा होताच ट्रॅक्टर थांबवावा.
* वेग ताशी ३ किलोमीटरच्या आत ठेवावा. या वेगाने यंत्र सेकंदाला सुमारे ८३ सेंटीमीटर सरकते. ब्रेककडे पाय जायला एक सेकंद लागला, तरी तेवढे अंतर कापले जाते. वेग दुप्पट झाल्यास हे अंतर १ मीटर ६७ सेंटीमीटर होते.
* ट्रॉली असताना दोन्ही ब्रेक पेडल एकत्र जोडलेले असावेत. ट्रॉली वाकडी जाऊ लागल्यास हट्ट न धरता पुढे जाऊन ती सरळ करावी.
* पावसात खाजनाच्या बांधाची कड भुसभुशीत होते. तेथे मागे यावे लागणार नाही, असा मार्ग आधीच ठरवावा.

खर्चाचा क्रमही ध्यानात ठेवावा : आधी असलेले आरसे स्वच्छ व योग्य कोनात, मग बहिर्गोल आरसा, त्यानंतर रिव्हर्सचा भोंगा आणि शेवटी कॅमेरा. चिखल किंवा दव बसलेली काच काहीच दाखवत नाही. म्हणून डिझेल तपासताना आरसे आणि कॅमेऱ्याची काच पुसण्यासाठी एक फडके जवळ ठेवावे.