चुकलेला गुण

डिसेंबर १८९१. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉलचे १३ नियम लिहिले. त्यांत वेळ राखणे आणि गोल मोजणे ही दोन्ही कामे एकाच पंचाकडे होती. पहिल्या सामन्यात गोल झाला एकच; हिशेब चुकायला वावच नव्हता.

वायएमसीएमार्फत हा खेळ भारतात आला. हिंगोली जिल्ह्यातही आज नियमांनुसार सामना भरवायचा, तर मैदानाकाठच्या टेबलाशी स्वतंत्र गुणलेखक हवा. चूक ध्यानात आली तरी त्याने लगेच भोंगा वाजवायचा नाही. खेळ थांबून चेंडू ‘डेड’ होईपर्यंत धीर धरायचा. रंगात आलेला डाव कागदावरच्या आकड्यासाठी तुटू नये, ही फार शहाणी तरतूद.

मुख्य पंचांची अखेरची सही होईपर्यंत गुण दुरुस्त करता येतात.