फुटपाथवरचं हजार रुपयांचं घर

मुंबईच्या इतिहासावर बोलताना आपण बहुतेक वेळा गिरण्या, चाळी, गोदी, प्लेग, इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट अशा क्रमाने जातो. चाळीपर्यंत येतो आणि थांबतो. चाळीतली खोलीसुद्धा ज्याला मिळाली नाही, त्याचं काय झालं, हा प्रश्न सहसा राहून जातो. आज त्याच माणसाबद्दल बोलायचं आहे.

सुरुवात एका हिशेबापासून करतो. 1969 साली संगमनेरहून एक माणूस मुंबईला आला. गावात चांभारकाम करायचा, दिवसाला सात-आठ रुपये मिळायचे. राहतं घर पडलं आणि तो निघाला. मुंबईत त्याला बदली कामगाराचं काम मिळालं, महिना 350 रुपये. ताडदेवजवळ तुळशीवाडीला फुटपाथवर जागा मिळवण्यासाठी त्याने तिथल्या एका गुंडाला 300 रुपये दिले. वर बांबू आणि प्लास्टिकचे कागद, त्याचे 700. म्हणजे हजार रुपयांचं घर झालं. पगाराच्या हिशेबाने जवळजवळ तीन महिन्यांची कमाई.

दुसरा माणूस तमिळनाडूतल्या सेलमचा. भूमिहीन शेतमजूर. दुष्काळात काम गेलं, 1961 साली मुंबईत आला. दहिसरच्या एका केमिकल कंपनीत रोज 23 रुपयांवर लागला. वेस्टर्न एक्सप्रेस हायवेच्या कडेला ताडपत्री आणि प्लास्टिकच्या आडोशासाठी तिथल्या झोपडीदादाने त्याच्याकडून 2,500 रुपये उकळले. बायको आणि तीन मुली, 16, 13 आणि 5 वर्षांच्या. 2,500 ला 23 ने भागून बघा. सुमारे 109 दिवसांची मजुरी होते.

हे हिशेब मी कुठल्या समाजशास्त्राच्या पुस्तकातून काढलेले नाहीत. ते सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात आहेत. ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका, 10 जुलै 1985. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे नाव पाठ असतं. पण मी विद्यार्थ्यांना निकाल वाचायला देतो तेव्हा ते कलम 21 पाशी धावतात आणि हे आकडे ओलांडून जातात. इतिहासाच्या माणसाने मात्र आधी इथे थांबावं. कारण 'फुटपाथवर फुकट राहतात' ही जी समजूत आपल्या शहरात पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे, ती या दोन भागाकारांत निकालात निघते. ते पैसे देत होते. फक्त ज्याला देत होते तो पावती देत नव्हता.

आता 'बदली कामगार' म्हणजे काय, हे तरुण मंडळींसाठी सांगायला हवं. गिरणीत कायम कामगार असायचे आणि बदली असायचे. बदलीने पाळीच्या वेळेला गेटवर हजर राहायचं. कायम कामगार कोणी आला नाही तर त्याच्या जागी काम मिळणार. सगळे आले तर आपण घरी. आज काम आहे की नाही हे गेटवर गेल्याशिवाय कळायचं नाही. असा माणूस विरारला किंवा कल्याणला राहू शकेल का? रोज लोकलचं भाडं घालून यायचं आणि काम नाही म्हणून परत जायचं? त्याला चालत जाण्याच्या अंतरावरच राहावं लागतं. हमालांचं तेच, घरकाम करणाऱ्या बायकांचं तेच, मासळी आणि भाजी विकणाऱ्यांचं तेच. भायखळा, नागपाडा, डोंगरी, दादर या भागांत फुटपाथवरच्या वस्त्या दाट का होत्या, याचं उत्तर बाजार, गोदी आणि गिरण्यांच्या नकाशात आहे. या लोकांची त्या जागांना ओढ आहे ती कामाच्या जवळिकीमुळे, हे न्यायालयानेही नोंदवलं आहे.

आता 1981. मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले. 13 जुलैला त्यांनी जाहीर केलं की मुंबईतल्या सगळ्या फुटपाथवासीयांना हटवलं जाईल, आणि त्यांच्या त्यांच्या मूळ गावी किंवा शहराबाहेर पाठवलं जाईल. कारण काय दिलं, तर हे जगणं अमानुष आहे, या आडोशांत पावसाळ्यात माणसाला राहता येणार नाही. लक्षात घ्या, महिना जुलैचा. पावसात राहता येत नाही म्हणून पावसातच छप्पर काढायचं. अंतुलेंवर मराठी माणसाने पुष्कळ लिहिलं आहे, पण ते बहुतेक सिमेंटबद्दल. या घोषणेबद्दल फार कमी. मला ही गोष्ट विचित्र वाटते. आणि ती एकट्या अंतुलेंची कल्पना होती असंही समजू नका. परगावच्या गरिबाला गाडीत घालून परत पाठवावं, हे या शहरातल्या पुष्कळ सुशिक्षित माणसांना तेव्हा रास्तच वाटत होतं. आजही वाटतं.

माणसं उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने 21 जुलैपर्यंत तात्पुरती मनाई दिली. त्या दिवशी सरकार आणि पालिकेने मान्य केलं की 15 ऑक्टोबरपर्यंत झोपड्या पाडणार नाही. आणि 23 जुलैला, अर्जदारांच्या म्हणण्यानुसार, लोकांना एसटीच्या गाड्यांत कोंबून शहराबाहेर रवाना केलं गेलं. या प्रवासात दोन मुलं जन्मली आणि दोन मुलं दगावली, असं निकालपत्रात आलं आहे. एका वाक्यात आलं आहे, पुढचं वाक्य दुसऱ्या विषयावर जातं.

सेलमच्या माणसालाही त्याच दिवशी कुटुंबासह सेलमच्या गाडीत बसवलं. हजारावर किलोमीटरचा प्रवास. बायको आणि मुली तिकडेच राहिल्या, तो मात्र परत आला. कामासाठी. पुन्हा फुटपाथवर जागा धरली. संगमनेरच्या माणसाची झोपडी त्याही आधी पाडली होती. त्याने ती पुन्हा बांधली. महापालिकेची गाडी आली की सामान घेऊन आतल्या गल्लीत जायचं, गाडी गेली की परत यायचं. न्यायालयाने याला लपंडाव म्हटलं आहे.

आता या अर्जदारांमधला आणखी एक गट बघा, कारण माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा अर्क त्यात आहे. वेस्टर्न एक्सप्रेस हायवेजवळची कामराज नगर ही वस्ती. ती 1960 च्या सुमारास कोणी वसवली? एका बांधकाम कंपनीच्या मजुरांनी. आणि ते मजूर काय करत होते? हायवेच्या कडेने पाण्याचे नळ टाकत होते. शहराला पाणी पोचवणारी माणसं काम संपल्यावर तिथेच राहिली आणि वीस वर्षांनी अतिक्रमण ठरली. त्या वस्तीत पुढे महापालिकेचे नोकरही राहत होते. म्हणजे पाडणारी पालिका आणि ज्याचं घर पाडायचं तो पालिकेचाच कामगार. दुसरा गट माहीमच्या तुळशी पाईप रोडवरचा, आजचा सेनापती बापट मार्ग. रस्त्याला नाव मिळालं तुळशी तलावाच्या पाण्याच्या पाईपमुळे. एकोणिसाव्या शतकातला तलाव तो. शहराचं पाणी शेजारून वाहतंय आणि कडेला राहणाऱ्याच्या हातात रिकामी कळशी, हे चित्र मुंबईत नवीन नाही.

मुद्दा कायद्याचा काय होता, तेही बघू. 1888 चा मुंबई महानगरपालिका कायदा. प्लेगच्याही आधीचा. त्याच्या कलम 314 प्रमाणे रस्त्यावरचं बांधकाम आयुक्त नोटीस न देता काढू शकतात. अर्जदार म्हणाले, घर काढलं की काम जातं, काम गेलं की जगणं जातं. म्हणून हा जीविताच्या हक्काचा प्रश्न आहे. आणि निदान आमचं म्हणणं तरी ऐका.

पाच न्यायमूर्तींचं पीठ. निकाल लिहिला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी. पुण्याचे. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ते निवृत्त झाले. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे हे त्यांनी स्पष्ट शब्दांत मान्य केलं. जगभर या निकालाचं नाव झालं ते यामुळे. पण पुढे काय? फुटपाथ हा चालणाऱ्यांसाठी असतो, सार्वजनिक जागा खासगी कामासाठी वापरण्याचा हक्क कोणालाही नाही. कलम 314 वैध. नोटीस न देण्याची मुभा आहे म्हणजे ती कधीच द्यायची नाही असं नाही, एरवी म्हणणं ऐकलंच पाहिजे. इथपर्यंत ठीक. मग म्हटलं, या अर्जदारांना ती संधी आयुक्तांनी दिली नाही हे खरं, पण आम्ही इथे त्यांचं भरपूर ऐकलं आहे, त्यामुळे पुन्हा ऐकायची गरज नाही.

म्हणजे हक्क जिंकला आणि माणसं हरली. मी हे वाक्य दरवर्षी वर्गात म्हणतो आणि दरवर्षी कोणीतरी विचारतं, सर, मग निकाल चांगला की वाईट? वकिलाला चांगला. पुढच्या कित्येक खटल्यांत त्याचा आधार झाला. तुळशीवाडीच्या माणसाला त्यातून मिळालं ते एवढंच की पावसाळा होईपर्यंत, 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत, त्याला हलवायचं नाही.

आणि एक अट. 1976 च्या गणनेत ज्यांची नोंद झाली, त्यांना मालवणीला किंवा दुसरीकडे पर्यायी जागा द्यावी. तीही हटवण्याआधीच दिली पाहिजे असं नाही. ती गणना झाली 4 जानेवारी 1976 ला, आणीबाणीत, एका दिवसात. त्या दिवशी जो घरी होता तो मोजला गेला. जो कामावर होता, गावी होता, ज्याचं खोपट आदल्या महिन्यात पाडलं होतं, तो राहिला. तिथून पुढे मुंबईच्या गरिबाचं नशीब तारखेला बांधलं गेलं. 1976, मग 1985, मग 1 जानेवारी 1995, मग 2000. प्रत्येक निवडणुकीच्या आसपास ही तारीख सरकते आणि प्रत्येक वेळी कुणीतरी तिच्या पलीकडे राहतो. तुमच्या आमच्या घरात लग्नाची पत्रिका जपून ठेवतात, फुटपाथवरची बाई रेशनकार्ड आणि लाइटबिल प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपते. पाडायला गाडी आली की आधी ती पिशवी उचलते, मग भांडी.

आणि मालवणी कुठे? मालाडच्या पश्चिमेला, खाडीकडे. ताडदेवला पहाटे गेटवर उभं राहायचं असेल तर आधी बस, मग तासाभराची लोकल. ज्या निकालाने जगणं आणि काम यांची गाठ मान्य केली, त्यानेच दिलेला पत्ता ती गाठ सोडवणारा होता.

31 ऑक्टोबर जवळ येत होता. त्या काही महिन्यांत भायखळ्यात एक वेगळंच काम झालं. स्पार्क ही संस्था नुकती, 1984 मध्ये, सुरू झाली होती. शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवलं की सरकार मोजत नाही तर आपण मोजू. ई वॉर्ड आणि काही मोठे रस्ते धरून सुमारे सहा हजार कुटुंबांची मोजणी झाली, आणि तिचा अहवाल निघाला, त्याच्या नावाचा अर्थ 'आम्ही, न दिसणारे'. त्यातून दिसलं की ही माणसं काल आलेली नाहीत. पुष्कळांची मुलं फुटपाथवरच जन्मून मोठी झाली होती. बहुतेक जण चालत कामावर जात. 1 नोव्हेंबरला ज्याची भीती होती ती सरसकट पाडापाडी झाली नाही.

पुढच्या वर्षी याच बायकांची महिला मिलन उभी राहिली. जॉकिन अर्पुथम यांची झोपडपट्टीवासीयांची संघटना जोडीला आली. बायका रोज चार-आठ आणे बाजूला काढू लागल्या. घर कसं हवं हे त्यांनी साडी आणि दोऱ्या ताणून मापलं, मग नमुन्याची घरं उभी करून लोकांना दाखवली. फुटपाथवर राहणाऱ्या बाईला घराचं माप विचारणारं त्याआधी कोणी नव्हतं. 1995 च्या पुनर्वसन योजनेत झोपडपट्टीवासीयांच्या बरोबरीने फुटपाथवासीयही पात्र धरले गेले, 225 चौरस फुटांच्या घराला. कागदावर माणूस म्हणून दिसायला 1888 पासून 107 वर्षं लागली.

आता अलीकडचं. 2011 च्या जनगणनेत 28 फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली. उघड्यावर, पुलाखाली, जिन्याखाली, स्टेशनच्या फलाटावर झोपलेले. मुंबईत ते सुमारे 57 हजार निघाले. यात एक गोम आहे. बेघर म्हणजे ज्याच्या डोक्यावर कसलंही छप्पर नाही तो. संगमनेरच्या माणसाने 700 रुपयांचे बांबू आणि प्लास्टिक लावलं, त्याला यात कुठे धरायचं? गणना करणाऱ्याने ठरवायचं. शिवाय त्या रात्री जो भाऊच्या धक्क्यावर माल उतरवत होता किंवा कुठे रखवालीला होता, तो झोपलेल्यांत कसा सापडणार?

2013 मध्ये केंद्राची निवारा योजना आली. शहराच्या दर एक लाख लोकसंख्येमागे 100 जणांचा एक रात्रनिवारा. मुंबईची लोकसंख्या 2011 ला 1 कोटी 24 लाख, म्हणजे 124 निवारे हवेत. हा आकडा मुंबईने कधी गाठलेला नाही. पैसा नाही म्हणावं, तर याच महापालिकेचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74,427 कोटींचा होता, देशातल्या महापालिकांत सगळ्यात मोठा. अडचण जागेची सांगतात. योजनेत लिहिलं आहे की निवारे शक्यतो लोकांच्या कामाच्या जागांजवळ असावेत. स्टेशन, बाजार, गोदी यांच्या आसपास. तिथेच चौरस फुटाला सगळ्यात जास्त भाव आहे, आणि तुळशीवाडीचा माणूस 300 रुपये मोजून तिथेच आला होता.